मागे ट्रेलर जोडलेला असताना गाडी बंद पडली तर: अमेरिकेतल्या पहिल्या रोडट्रिपसाठी

गाडी एकटी बंद पडली तर टो ट्रक बोलवायचा, गाडी चढवायची, शेजारी बसायचं आणि निघायचं. मागे बावीस-तेवीस फुटांचा ट्रेलर असला की हे गणित मोडतं. टो ट्रकवाला गाडी नेतो. ट्रेलरचं काय करायचं ते तुम्ही सांगायचं असतं, आणि नेमकं तेच ऐनवेळी सुचत नाही.

हा लेख एसयूव्ही किंवा पिकअपला स्वतःचा किंवा भाड्याचा ट्रॅव्हल ट्रेलर (मागे ओढायचं चाकांवरचं घर) जोडून पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी आहे. मोटरहोम (स्वतःचं इंजिन असलेलं घर) आणि फिफ्थ व्हील (पिकअपच्या हौद्यात जोडायचा मोठा ट्रेलर) यांची तऱ्हा वेगळी, ती इथे घेतलेली नाही.

एक क्रम पक्का ठेवा: आधी माणसं, मग ट्रेलर, शेवटी गाडी. गाडीला काय झालं हा प्रश्न सगळ्यात मोठ्याने ओरडतो, म्हणून लोक बॉनेट उघडून त्यातच डोकं घालतात. तोवर अंधार पडतो आणि जवळच्या आरव्ही पार्कचं (अशी फिरती घरं, म्हणजे आरव्ही, लावून राहायच्या जागेचं) ऑफिस बंद होतं.

१. निघण्याआधी: कागद आणि अवजारं

कागद गाडीत ठेवायचे, ट्रेलरमध्ये नाही. दोघांची ताटातूट झाली की ट्रेलरमधली फाइल पन्नास मैल लांब राहते.

- लायसन्स, गाडीचं आणि ट्रेलरचं रजिस्ट्रेशन, दोन्हींच्या विम्याची कार्डं
- रोडसाइड सेवेचा (वाटेत गाडी बंद पडली तर मदतीला येणाऱ्या सेवेचा) सभासद क्रमांक; ट्रेलर भाड्याचा असेल तर करार आणि मालकाचा फोन नंबर
- ट्रेलरच्या बाहेर डाव्या बाजूला पुढे लावलेल्या स्टिकरचा फोटो (त्यावर कमाल वजन आणि टायरचं माप असतं)
- पासपोर्ट, व्हिसा, ग्रीन कार्ड, आय-९४ वगैरे ज्याचं जे असेल ते
- सगळ्यांची औषधं. भारतातून आलेल्या आई-बाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या हमखास ट्रेलरच्या कपाटात राहतात

अवजारांमध्ये हे हवंच: चार व्हील चॉक (चाकं अडवायच्या पाचरी), तीन रिफ्लेक्टर त्रिकोण, सर्वांसाठी चमकणारी जाकिटं, जाड जंपर केबल किंवा जंप पॅक (बॅटरी उतरलेली गाडी चालू करायला), ४ ते ६ टनांचा बॉटल जॅक, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळायचा पाना), टायरप्रेशर गेज, साधा व्होल्टमीटर, ओबीडी-टू रीडर (गाडीतल्या बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र), एक गॅलन तयार मिसळलेलं कूलंट, दोन गॅलन पाणी, फ्यूज आणि फूट-फूट लांबीचे जाड लाकडी ठोकळे पाच-सहा. ठोकळे क्षुल्लक वाटतात, पण मऊ शोल्डरवर (रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर) जॅक जमिनीत रुतायला लागला की त्यांचीच आठवण येते.

गाडीचा चाकाचा पाना ट्रेलरच्या नटाला बसेलच असं नाही. गाडीचे नट बहुधा मिलिमीटरमध्ये, ट्रेलरचे इंचात. घराच्या ड्राइव्हवेमध्येच लावून पाहा.

आता रोडसाइड सेवा. विम्यासोबत किंवा क्रेडिट कार्डासोबत फुकट मिळालेली सेवा साधारणपणे फक्त गाडीपुरती असते. ट्रिपल ए (एएए) या मोटारचालकांच्या संघटनेच्या साध्या सभासदत्वातही ट्रॅव्हल ट्रेलर धरत नाहीत. त्यासाठी वरच्या श्रेणीला आरव्हीची जोड घ्यावी लागते. गुड सॅम आणि कोच-नेट यांच्या योजना मुळातच आरव्हीवाल्यांसाठी आहेत. नवी योजना किंवा वाढवलेली श्रेणी लागू व्हायला काही दिवस जाऊ शकतात, त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री घेऊन उपयोग नाही.

२. लक्षण दिसताच: कुठे थांबायचं

गाडी अजून चालत असेल तर पुढची एक्झिट गाठण्याचा प्रयत्न करा, पण लाल दिवा लागलेला असताना नाही. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला तर मिळेल त्या सुरक्षित जागी थांबा. ‘चेक इंजिन’ स्थिर असेल तर जपून एक्झिटपर्यंत जाता येतं. तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करतंय, पुढे ओढत राहिलात तर कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) जळतो.

शोल्डरवर घेताना गाडी आणि ट्रेलर एका रेषेत ठेवा. ट्रेलर तिरका राहिला तर त्याची मागची कड लेनमध्ये येते, आणि पुढे गाडी सोडवतानाही त्रास होतो. शक्य तितकं उजवीकडे जा, पण वाळक्या गवतावर नको: तापलेल्या कन्व्हर्टरने गवत पेटतं. पश्चिमेकडच्या राज्यांत उन्हाळ्यात हा खराखुरा धोका आहे.

३. पहिली दहा मिनिटं

हॅझर्ड लाइट, पार्किंग ब्रेक, जाकिटं. मग सगळ्यांना उजव्या दारांनी उतरवून गार्डरेलच्या पलीकडे, वाहतुकीपासून लांब आणि गाडीच्या थोडं मागे उभं करा. मागून कुणी धडकलं तर गाडी आणि ट्रेलर पुढे ढकलले जातात, म्हणून पुढच्या बाजूला उभं राहू नये.

इथे एक मोह होतो. घर मागेच आहे, आत पंखा आहे, शेगडी आहे, ‘तोवर आत बसू, चहा टाकू’ असं कुणीतरी म्हणतंच. हायवेच्या शोल्डरवर ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही. त्याच्या भिंती म्हणजे पातळ पत्रा किंवा फायबरग्लास, लाकडी पट्ट्या आणि फोम. सत्तर मैल वेगाने आलेल्या ट्रकपुढे त्या काहीच नाहीत. गार्डरेलच नसेल आणि बाहेर उभं राहणंही धोक्याचं असेल, तर गाडीतच पट्टा लावून बसा आणि ९११ ला फोन करा.

त्रिकोण लावताना ट्रकचालकांचा नियम वापरा. दुभाजक असलेल्या हायवेवर ट्रेलरच्या मागे १०, १०० आणि २०० फुटांवर एकेक. मोठ्या माणसाचं पाऊल सुमारे अडीच फुटांचं धरलं तर शंभर फूट म्हणजे चाळीस पावलं. दुपदरी रस्त्यावर एक ट्रेलरजवळ वाहतुकीच्या बाजूला, एक शंभर फूट मागे आणि एक शंभर फूट पुढे. वळण किंवा चढ असेल तर मागचा त्रिकोण त्याच्याही मागे न्या, म्हणजे येणाऱ्याला तो वळणाआधीच दिसेल, अगदी ५०० फुटांपर्यंत. त्रिकोण छातीसमोर धरून, रस्त्याच्या कडेकडेने चाला.

चार चॉक आत्ताच लावा, ट्रेलरच्या दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून आणि मागून. सोडवायचा की नाही ते नंतर ठरेल.

४. काय बिघडलं ते ओळखा

मेकॅनिक व्हायचं नाही. ‘आपण निघू शकतो का’ आणि ‘फोनवर काय सांगायचं’ इतकंच ठरवायचं.

इंजिन तापणं. ट्रेलर ओढताना सगळ्यात नेहमीचा प्रकार. लॉस एंजेलिसहून लास व्हेगास किंवा झायन नॅशनल पार्ककडे जाताना आय-१५ हायवेवर बेकर लागतं, १३४ फुटी थर्मामीटरचं गाव. तिथली उंची जेमतेम ९३० फूट. तिथून माउंटन पासपर्यंत रस्ता ४,७०० फुटांच्या वर चढतो, तोही वाळवंटात. एसी बंद करा अशी पाटीच तिथे आहे, आणि ती ट्रेलरवाल्यांनी मनावर घ्यावी. काटा चढू लागला की एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि पंखा जोरात (गाडीत भट्टी होते, पण इंजिनची उष्णता बाहेर पडते), टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सोय) चालू, खालचा गिअर, वेग ४५ पर्यंत.

तरी काटा लाल पट्ट्यात गेला तर थांबा. वाफ किंवा गळती दिसत असेल किंवा काटा लाल पट्ट्यातच असेल, तर इंजिन लगेच बंद. वाफ नसेल आणि काटा लाल पट्ट्याच्या खाली असेल, तर पार्कमध्ये दोन-चार मिनिटं चालू ठेवलं की पंखा आणि पंप काम करत राहतात आणि काटा उतरतो. तो उतरला नाही तर बंद करा. रेडिएटरचं झाकण तासभर तरी उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उसळून तोंडावर येतं. वरचा रबरी पाइप फडक्याने दाबून बघा: टणक असेल तर आत अजून दाब आहे, मऊ पडला की झाकण उघडायचं. गार पाणी तापलेल्या इंजिनात एकदम ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. कूलंट भरून काटा मधोमध राहत असेल तर जवळच्या गावापर्यंत जा. परत चढला तर पुढे जायचं नाही.

इंजिनचा पट्टा तुटणं. बॅटरीचा दिवा लागतो आणि पाठोपाठ तापमान चढतं. काही गाड्यांत स्टिअरिंगही जड होतं. बॉनेटखाली रबराच्या चिंध्या दिसतील. बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालतो, म्हणून एक मैलही पुढे नको.

गिअरबॉक्स तापणं. जळका वास, गिअर उशिरा पडणं, इंजिन ओरडतंय पण गाडी सरकत नाही. सहज चालताना तेलाचं तापमान १७५ ते २२० अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं. २५० च्या वर गेलं की थांबायचं. अर्ध्या तासाने थंड झाल्यावर गाडी नीट चालायला लागली तरी तो भरवसा ट्रेलर ओढण्यापुरता धरू नका. इथे एक कटू गोष्ट: अनेकदा बिघाडाचं मूळ वजनात असतं. टोयोटा सिएना ३,५०० पौंड ओढते. ‘रिकामा ३,४००’ लिहिलेल्या ट्रेलरमध्ये पाणी, गॅस, सायकली आणि आठ दिवसांचा शिधा भरला की चार हजार कधी ओलांडले कळत नाही.

बॅटरी. स्टार्टर टकटक करतो किंवा काहीच होत नाही. व्होल्टमीटर लावा: इंजिन बंद असताना १२.६ म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. जंप दिल्यावर इंजिन चालू असताना १३.७ ते १४.७ दिसलं तर अल्टरनेटर ठीक. साडेबाराच्या आत रेंगाळत असेल तर अल्टरनेटर गेला. पुढच्या वीस-तीस मैलांत गाडी परत बंद पडेल. जेवायला थांबताना ट्रेलरचा फ्रिज १२ व्होल्टवर राहिला आणि मागचा सात पिनांचा प्लग (गाडीतून ट्रेलरला वीज देणारा) जोडलेलाच राहिला, तर काही गाड्यांत तो फ्रिज गाडीची बॅटरी उपसतो. लांब थांबा असेल तर प्लग काढा.

ट्रेलरची बॅटरीही १२ व्होल्टची असते, म्हणजे जंप द्यायला शेजारी आयती हजर. लेड-ॲसिड असेल तर सोडवून गाडीजवळ न्या आणि केबल लावा. ६ व्होल्टच्या दोन जोडलेल्या असतील तर एकीचा मोकळा धन आणि दुसरीचा मोकळा ऋण धरा. एकटीने काम होणार नाही. लिथियम असेल तर स्टार्टरचा झटका बसताच तिचं संरक्षक सर्किट तिला बंद करू शकतं, म्हणून जंप पॅक बरा.

ट्रेलरचा टायर. गाडी ठणठणीत आहे आणि टायर फुटलाय, असंही असतं. ट्रेलर त्याच्या स्टॅबिलायझर जॅकवर कधीही उचलायचा नाही. ते डुगडुग थांबवायला असतात, वजन पेलायला नाही. ॲक्सलच्या नळीखालीही जॅक नको, नळी वाकते. ट्रेलर गाडीलाच जोडलेला ठेवून, चाकाच्या मागे मुख्य फ्रेमखाली लाकडी ठोकळा आणि त्यावर बॉटल जॅक. नट जमिनीवर असतानाच सैल करा, नंतर ताऱ्याच्या आकारात आवळा. डावीकडचा टायर हायवेवर बदलूच नका. तुमची पाठ लेनमध्ये येते. त्यासाठी सेवा बोलवा.

५. फोनवर काय सांगायचं

पहिलं वाक्य चुकलं की चुकीचा ट्रक येतो. नुसतं ‘आरव्ही’ म्हटलं तर पलीकडची व्यक्ती मोटरहोम समजते. फ्लॅटबेड म्हणजे गाडी पूर्ण वर चढवून नेणारा सपाट ट्रक. हे वाक्य तोंडपाठ ठेवा: ‘माय हायलँडर ब्रोक डाउन व्हाइल टोइंग अ ट्वेंटी-थ्री फूट ट्रॅव्हल ट्रेलर. आय नीड अ फ्लॅटबेड फॉर द कार, अँड समवन टू मूव्ह द ट्रेलर.’ त्यानंतर न विचारताही सांगायचं:

- हायवेचा क्रमांक, दिशा, माइल मार्कर (कडेच्या मैलाच्या पाटीवरचा आकडा), शोल्डर उजवा की डावा
- ट्रेलरची लांबी, कमाल वजन, बॉलचं, म्हणजे गाडीमागे ज्यावर ट्रेलर अडकतो त्या गोळ्याचं, माप (त्यावरच कोरलेलं असतं, २ किंवा २ ५/१६ इंच), सात पिनांचा प्लग, ट्रेलरला विजेचे ब्रेक आहेत
- गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे का. असेल तर फ्लॅटबेडच हवा, दोन चाकं उचलून नेली तर गिअरबॉक्स खराब होतो
- माणसं किती, लहान मुलं किती

शेवटचा मुद्दा विसरू नका. टो ट्रकमध्ये साधारण दोघंच बसतात. बाकीच्यांसाठी उबर मिळेल अशी जागा नसेल तर ते आत्ताच सांगा. मुलांच्या कार सीट गाडी चढवण्याआधी काढून घ्या. ओढल्या जाणाऱ्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसं बसवणं कित्येक राज्यांत बेकायदा आहे, आणि जिथे चालतं तिथेही करू नये.

युटा-नेवाडात मैलोन्मैल सिग्नल नसतो. आयफोन १४ आणि त्यापुढच्या फोनवरून उपग्रहामार्फत ९११ ला आणि अमेरिकेत रोडसाइड सेवेलाही संदेश जातो. मोकळं आकाश लागतं. घरीच त्याचा डेमो करून पाहा.

६. ट्रेलर सोडवणं

टो ट्रक समोर येऊन उभा राहीपर्यंत सोडवू नका. जोडलेला ट्रेलर स्थिर असतो. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (दोन स्प्रिंग बारांनी ट्रेलरचं वजन वाटून घेणारी जोडणी) असेल, तर हा भाग दोनदा वाचा.

चॉक घट्ट बसलेत याची खात्री करा. टंग जॅकखाली (ट्रेलरच्या नाकाजवळच्या जॅकखाली) लाकडी ठोकळे रचून जॅक खाली सोडा. कप्लर (बॉलवर बसणारी ट्रेलरची पकड) बंदच ठेवायचा. जॅक फिरवत राहा. ट्रेलरचं नाक आणि गाडीचा मागचा भाग दोन्ही सोबत तीन-चार इंच वर येतील. आता स्प्रिंग बारवरचा ताण गेलेला असतो. बार हाताने हलतोय का पाहा, मगच हँडलने सोडवा, आणि हँडलच्या फेऱ्यात चेहरा किंवा हात येणार नाही असं बाजूला उभं राहा. ताण असताना सोडवलेला बार उसळून हात मोडू शकतो.

दोन्ही बार निघाले की जॅक थोडा खाली घ्या, कप्लरची खिटी उघडा आणि परत वर न्या, कप्लर बॉलवरून सुटेपर्यंत. खिटी उघडत नसेल तर हातोडा मारू नका. बॉलवर दाब असतो. गाडी न्यूट्रलमध्ये इंचभर पुढे-मागे झाली की ती सुटते. मग प्लग, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लावणारी) आणि सगळ्यात शेवटी साखळ्या. ट्रेलर घसरलाच तर त्या धरून ठेवतात.

ब्रेकअवेची पिन ओढून ट्रेलर ‘ब्रेकवर’ ठेवण्याची युक्ती काही जण सांगतात. ती छोटी बॅटरी ब्रेक काही मिनिटं धरायला असते. नंतर संपते, आणि ब्रेकमधले मॅग्नेटही तापतात. चॉकला पर्याय नाही.

गाडीची बॅटरी पूर्ण मेलेली असेल आणि गिअर बटणाचा असेल, तर ती न्यूट्रलमध्ये जाणार नाही, इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकही सुटणार नाही. ट्रकवाल्याला हे आधी सांगा, तो जंप पॅक लावतो आणि मग विंचने गाडी सरळ पुढे ओढून घेतो.

ओळखीचं कुणी एसयूव्ही घेऊन मदतीला धावून आलं तरी नुसती हिच पुरेशी नाही. बहुतेक राज्यांत ३,००० पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, कॅलिफोर्नियात ही मर्यादा १,५०० च आहे. त्या गाडीत ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे विजेचे ब्रेक चालवणारा डबा) नसेल तर ते ब्रेक लागतच नाहीत.

७. ट्रेलर कुठे ठेवायचा

शोल्डरवर सोडून जाऊ नका. ठरावीक तासांनी हायवे पोलीस उचलून नेतात आणि रोजचं भाडं चढत राहतं. सगळ्यात उत्तम म्हणजे जवळचा आरव्ही पार्क: वीज, पाणी, आणि राहायचीही सोय होते. गाडी गॅरेजात असताना तिथे राहणं हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं. फोन करताना ‘पुल-थ्रू साइट’ मागा, म्हणजे टो ट्रकला मागे घ्यावं लागत नाही. दुसरा पर्याय गॅरेजचंच आवार. वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये मॅनेजरला विचारल्याशिवाय लावू नका. काही ठिकाणी गावाचाच मज्जाव असतो.

हलवण्याआधी गॅस सिलिंडर बंद, स्लाइड-आउट (ट्रेलरचा बाहेर सरकणारा भाग) आत, कपाटांच्या खिट्या लावलेल्या. फ्रिज बंद पडला तर न उघडता चार तास अन्न टिकतं. दही, शिजवलेली डाळ, पनीर त्यापुढे टाकून द्या. इडलीचं पीठ आंबून वर येईल ते वेगळंच.

रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर आरक्षण असेल तर कॅम्पग्राउंडला फोन करा. पहिल्या रात्री पोहोचला नाहीत तरी दुसऱ्या दिवशीच्या चेक-आउटपर्यंत जागा राखून ठेवतात, नंतर ती सोडून देतात.

८. गॅरेज

शुक्रवारी संध्याकाळी छोट्या गावात गाडी गेली तर सोमवार धरून चला. निदानाची फी आणि लेखी अंदाजपत्रक आधी मागा. कॅलिफोर्नियात काम सुरू करण्याआधी लेखी अंदाज देणं गॅरेजला बंधनकारकच आहे. प्रवासी गाड्या भाड्याने देणाऱ्या बहुतेक कंपन्या ट्रेलर ओढायला मनाई करतात, म्हणून भाड्याच्या गाडीने ट्रेलर नेण्याचा बेत करारातलं कलम वाचूनच ठरवा. विम्यात किंवा सभासदत्वात ‘ट्रिप इंटरप्शन’ (प्रवास खंडित झाल्याचा खर्च) असेल तर हॉटेल-जेवणाची प्रत्येक पावती जपा.

९. पुन्हा जोडताना

घाईत इथेच चूक होते. कप्लर बंद करून जॅकने थोडं उचला: गाडीचा मागचा भाग सोबत वर आला तर कप्लर बॉलवर नीट बसलाय. साखळ्या टंगखाली एकमेकींना छेद देऊन, जमिनीला घासणार नाहीत अशा. ब्रेकअवे केबल साखळीला नाही, गाडीला. दिवे आणि इंडिकेटर एकाने मागे उभं राहून तपासा. चॉक आणि त्रिकोण उचलून आत टाका, ते हमखास मागे राहतात. पार्किंगमध्येच ब्रेक कंट्रोलरवरून हाताने ट्रेलरचे ब्रेक लावून बघा.

चाक काढलं असेल तर पन्नास मैलांवर थांबून टॉर्क रेंचने नट परत आवळा. त्याच थांब्यावर चारही हबजवळ (चाकांच्या मधल्या भागाजवळ) हाताची पाठ न्या. एकच इतरांपेक्षा जास्त तापलेला असेल किंवा चाकावर ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर बेअरिंग जायच्या बेतात आहे. त्या चाकावर पुढे जाऊ नका, ट्रेलर दुरुस्त करायला येणारा मोबाइल मेकॅनिक तिथेच बोलवा.